कायदा देशाचा, परवाना वेशीपुरता!

मुंबई सेंट्रलहून सायंकाळी सुटणारी राजधानी एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली गाठते. एका रात्रीत ती महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हरियाणा एवढी राज्ये मागे टाकते. या प्रवासात प्रवाशाच्या खिशातील नोट बदलत नाही, त्याचे नागरिकत्व बदलत नाही, महाराष्ट्रात मिळालेला त्याचा वाहन चालविण्याचा परवानाही दिल्लीत बाद ठरत नाही. परंतु त्याच्याजवळ एक विशिष्ट कागद असेल, तर डहाणू आणि उंबरगाव यांच्या दरम्यान कुठेतरी, गाडीच्या खडखडाटात कुणाच्याही लक्षात न येता, त्या कागदाची किंमत शून्य होऊ शकते. कालपर्यंत ज्याला शासनाने विश्वासपात्र नागरिक मानले, तोच एका स्थानकाच्या अंतराने बेकायदा शस्त्र बाळगणारा आरोपी ठरू शकतो. तो कागद म्हणजे शस्त्र परवाना.

हा विषय मूठभर शौकिनांचा आहे, असे समजून मध्यमवर्गीय वाचक पान उलटण्याची शक्यता आहे. ती चूक होऊ नये. दादरच्या सराफ पेढीच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला निवृत्त जवान, दिल्ली-भोपाळच्या स्पर्धांना निघालेला नेमबाज, सावंतवाडी-दोडामार्गाकडे रानडुकरांपासून भातशेती राखणारा शेतकरी आणि शोभायात्रेत मर्दानी खेळ सादर करण्यासाठी कोल्हापूरहून गिरगावात येणारे पथक, ही सारी माणसे आपल्याच घरांतील आणि ओळखीतील आहेत. ती गुन्हेगार नाहीत. पण गुन्हेगार ठरण्यापासून ती किती अंतरावर उभी आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसते.

एक कायदा, अनेक वेशी

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीतील पाचवा विषय आहे शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. संसदेने १९५९ साली शस्त्र कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. तो साऱ्या देशाला लागू आहे. १९६२ च्या नियमांची जागा २०१६ साली नव्या नियमांनी घेतली, तेही केंद्राचेच. वरवर पाहता 'एक देश, एक कायदा' हे तत्त्व इथे पूर्णत्वाला गेलेले दिसते.

प्रत्यक्षात मात्र 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'पोलीस' हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. परवाना देतो जिल्हादंडाधिकारी. मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त. आणि त्या परवान्यावर एक रकाना असतो, तो क्षेत्र-वैधतेचा. शस्त्र कोणत्या प्रदेशात बाळगता येईल, हे तिथे नोंदलेले असते. कुणाचा परवाना जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, तर फार थोड्यांचा संपूर्ण भारतासाठी. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० सालच्या धोरणाने अखिल भारतीय वैधता मंत्री, खासदार, लष्करी व निमलष्करी दलांतील कर्मचारी, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, देशभर बदली होणारे अधिकारी, खेळाडू अशा निवडक वर्गांपुरती मर्यादित केली. सामान्य नागरिकाने क्षेत्र वाढवून मागायचे तर अर्ज, पोलीस अहवाल आणि कार्यालयातील हेलपाटे.

म्हणजे चित्र असे की, कायदा दिल्लीचा, नियम दिल्लीचे, शिक्षा दिल्लीने ठरविलेली, पण परवान्याचा जीव मात्र जिल्ह्याच्या वा राज्याच्या वेशीशी संपणारा!

सहा महिने की पाच वर्षे?

वेस ओलांडणाऱ्याचे काय होते? शस्त्र कायद्याच्या कलम ३० प्रमाणे परवान्यातील अटीचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु क्षेत्राबाहेर परवानाच नाही, म्हणून शस्त्र विनापरवाना आहे, असा अर्थ घेतला गेला तर प्रकरण कलम ३ व २५ मध्ये जाते. तिथे पूर्वी एक ते तीन वर्षांची कैद होती. डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाली. माणूस तोच, बंदूक तीच, कागद तोच. तरी एका वाचनात दोन हजारांचा दंड, तर दुसऱ्या वाचनात पाच वर्षांचा तुरुंग! यांपैकी कोणते वाचन स्वीकारायचे, याचा पहिला निर्णय न्यायाधीश करीत नाही. तो करतो परमुलखातील एखाद्या ठाण्याचा, रात्रपाळीवरचा अधिकारी.

न्यायालये पुढे न्याय करतात, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात शस्त्राचा 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे स्पष्ट केले. या तत्त्वाच्या आधारे, बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेल्या एखाद्या काडतुसापायी विमानतळावर पकडल्या गेलेल्या अनेक प्रवाशांवरील गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केले आहेत. पण तोपर्यंत काय? अटक, जामीन, जप्त झालेला मुद्देमाल, वकिलांची फी, परगावी तारखांच्या खेपा, नोकरीवरील गदा आणि शेजाऱ्यांच्या नजरा. निर्दोष ठरण्याआधीच शिक्षा भोगून झालेली असते.

पहाऱ्यावरचा जवान

या फटीत सर्वाधिक सापडतो तो गरीब. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात बँका आहेत, पतपेढ्या आहेत, झवेरी बाजारापासून रानडे मार्गापर्यंत सोन्याच्या पेढ्या आहेत. त्यांच्या दाराशी उभे असलेले सशस्त्र रखवालदार बहुतांशी स्वतःच्या वैयक्तिक परवान्याची बंदूक घेऊन नोकरीला आलेले असतात. कुणी साताऱ्याचा, कुणी उत्तर प्रदेशातील पूर्वांचलाचा, कुणी बिहारचा, कुणी जम्मूचा. सैन्यात वा निमलष्करी दलात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवून, निवृत्तिवेतनाला चार पैशांची जोड द्यावी म्हणून आलेला हा माणूस. त्याला नेमणारी यंत्रणा बंदूक पाहते, परवान्याचा मुखपृष्ठावरील शिक्का पाहते, फार तर छायाप्रत काढून घेते. क्षेत्र-वैधतेचा रकाना कोण वाचतो?

नियम सांगतो की, परवानाधारकाने राहण्याचे ठिकाण कायमचे, किंवा तात्पुरते पण तीस दिवसांहून अधिक काळ बदलले आणि शस्त्र बरोबर नेले, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या आणि मूळ परवाना प्राधिकाऱ्याला कळवावे आणि मागणी होताच परवाना व शस्त्र दाखवून नवी नोंद करून घ्यावी. हे किती रखवालदारांना ठाऊक असेल? त्यांना सांगण्याची जबाबदारी कुणाची? स्वसंरक्षणासाठी मिळालेले शस्त्र दुसऱ्याच्या तिजोरीच्या पहाऱ्यासाठी वापरणे परवान्याच्या हेतूत बसते का, हाही प्रश्न उभाच आहे. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा २००५ साली झाला. पण संस्था फायदा घेते, पेढी निर्धास्त झोपते आणि गुन्हा दाखल झालाच, तर तो महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या त्या शिपायावर!

८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरील होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता. परराज्यातील परवान्याचे शस्त्र मुंबईत वावरत होते, ते पोलिसांच्या नोंदीत नव्हते, हे खून पडल्यानंतर उघड झाले आणि अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. या घटनेतून कोणता धडा घ्यायचा? क्षेत्र-वैधतेची अट आणि नोंदणीचा नियम दोन्ही अस्तित्वात होते. दोघांनी मिळून एकही गोळी अडविली नाही. जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला घाबरवते आणि धोक्याच्या वेळी आंधळी असते, तिला सुरक्षा म्हणायचे की सुरक्षेचा देखावा?

नेमबाज आणि शेतकरी

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले आणि महाराष्ट्राने गुलाल उधळला. त्याआधी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये घडलेल्या अंजली भागवत, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी मराठी नेमबाजीची परंपरा उभी केली. 'नावाजलेला नेमबाज' ठरल्यावर शासन त्याला अधिक शस्त्रांची मुभा देते, देशभर वैधता देते, हे योग्यच आहे. पण नावाजलेला होण्याच्या आधीची वर्षे? परळ-लालबागच्या चाळीतील एखाद्या होतकरू मुलाने गिरगावातून दिल्लीच्या कर्णी सिंह रेंजवर जायचे, तर शस्त्र कुणाच्या नावावर, परवाना कुठपर्यंतचा, काडतुसे किती, रेल्वेत कशी न्यायची, विमानात कशी घोषित करायची, या प्रश्नांच्या जंजाळात पालकांची निम्मी शक्ती खर्च होते. विजयानंतर मिरवणूक काढणे सोपे असते. विजयाच्या वाटेवरचे काटे काढणे अवघड.

आता सीमेवर जाऊ. बांदा ओलांडले की पत्रादेवीचा नाका, आणि पलीकडे गोवा. उच्च न्यायालय एकच, मुंबईचे. दोन्हीकडे नाती एक, देवस्थाने एक, बाजारहाट एक. दोडामार्गचा रुग्ण म्हापशाला जातो, गोव्याचा भाविक सावंतवाडीला येतो. पण शेतीसंरक्षणाची बंदूक मात्र नाक्यापाशी अडते. निपाणी-कागल आणि खानापूर-बेळगाव पट्ट्यातील मराठी शेतकऱ्याचीही हीच कथा. राज्यपुनर्रचनेने त्याची भाषा एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला ठेवले. त्याच्या शेतात शिरणाऱ्या रानडुकराला आणि गव्याला मात्र सीमारेषा दाखविण्याची सोय कोणत्याच सरकारने केलेली नाही!

याच कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना ब्रिटिश काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली. कोडव हा शूरांचा समाज, देशाला सेनानी देणारा. त्याच्या परंपरेचा मान राखला, यात आनंदच आहे. पण एकाच राज्यात एका जिल्ह्याला विश्वास आणि दुसऱ्या जिल्ह्याला संशय, ही विषमता कोणत्या तत्त्वावर उभी आहे, हे बेळगावच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगेल काय?

मिरवणुकीतील तलवार

अग्निशस्त्रे बाजूला ठेवली तरी सुटका नाही. शस्त्र कायद्याच्या वर्गवारीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, भाले हेही 'शस्त्र'च आहे. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या उपयोगाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. कलम ४ नुसार केंद्राने एखाद्या प्रदेशासाठी अधिसूचना काढली, तर तिथे अशा शस्त्रांसाठीही परवाना लागतो. म्हणजे तलवार तीच, पण गाव बदलले की तिचे कायदेशीर स्वरूप बदलते.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त वा जिल्हादंडाधिकारी ठराविक मुदतीसाठी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले बाळगण्यास बंदी करतात. सणासुदीला, निवडणुकांना, आंदोलनांच्या काळात हे आदेश निघतात आणि मुदत संपताच अनेकदा नव्याने निघतात. कोल्हापूरहून निघालेले मर्दानी खेळाचे पथक सातारा, पुणे, रायगड वा ठाणे ओलांडून गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला येते, तेव्हा वाटेतील कोणत्या जिल्ह्यात असा आदेश चालू आहे, हे त्याने कसे शोधावे? आदेश निघतो राजपत्रात आणि कार्यालयाच्या फलकावर. गुन्हा दाखल होतो नाकाबंदीत!

परवानाधारकाच्या बाबतीत तर आणखी एक अट आहे. परवान्यावरच छापलेले असते की, विशेष अनुमती नसल्यास शस्त्र जत्रा, धार्मिक मिरवणूक वा अन्य सार्वजनिक जमावात तसेच शिक्षण संस्थेच्या आवारात नेता येणार नाही. अट रास्त आहे. गर्दीत बंदुकीचे काम नाही. पण गणेशोत्सवात लालबाग-परळची भूमी म्हणजे अहोरात्र एक अखंड मिरवणूक असते. त्या दहा दिवसांत लालबागच्या पेढीवर पाळीला येणारा, बंदूक पाठीला लावून गर्दीतून वाट काढणारा रखवालदार या अटीच्या कोणत्या बाजूला उभा असतो? या प्रश्नाचे उत्तर त्याला कुणी लेखी देत नाही.

शस्त्र न बाळगणाऱ्यांची फसवणूक

या सर्व बंधनांमुळे निदान सामान्य माणूस सुरक्षित झाला असता, तर ती आनंदाने सोसावी असे म्हणता आले असते. मुंबईचा इतिहास उलट सांगतो. गिरणगावाने १९९० च्या दशकातील टोळीयुद्ध पाहिले. भाजपचे नेते रामदास नायक यांची ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात भर रस्त्यात हत्या झाली. त्या शस्त्रांवर कोणत्या जिल्हादंडाधिकाऱ्याचा शिक्का होता? १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजार, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, वरळीचा सेंच्युरी बाजार अशा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी रायगडच्या दिघी-शेखाडी किनाऱ्यांवर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले होते. वाटेतील एकाही नाक्यावर त्यांना क्षेत्र-वैधता विचारली गेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी हे शहर वेठीस धरले. गिरगाव चौपाटीवर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीला मिठी मारली. त्या बलिदानापुढे नतमस्तक होतानाच हा प्रश्न विचारावा लागतो की, कागदांच्या रखवालीत गुंतलेल्या यंत्रणेचे लक्ष किनाऱ्यावर का नव्हते?

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा केला, तो या देशाला नि:शस्त्र करण्यासाठी. युरोपियनांना त्यातून मोकळीक होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनेही त्याविरुद्ध ठराव केला. १९२८ च्या नेहरू अहवालात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा अधिकार नागरिकाच्या मूलभूत हक्कांत धरला होता. १९५९ चा कायदा आणताना सरकारनेच मान्य केले होते की, परकीय सत्तेचे ते नि:शस्त्रीकरणाचे धोरण स्वतंत्र भारतात चालू ठेवणे असमर्थनीय आहे. त्या कबुलीला सहा दशके उलटून गेली. परवाना शाखेच्या खिडकीतून मात्र अजूनही लिटनच डोकावतो.

याचा अर्थ प्रत्येकाच्या हाती बंदूक द्यावी, असा मुळीच नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा परळच्या चाळीत वाढलेल्या आणि दादरच्या राजगृहात ग्रंथसागर उभारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. सरसकट शस्त्राधिकार दिला तर तो चोर-लुटारूंनाही द्यावा लागेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. बाबासाहेबांचा निर्णय दूरदर्शी होता. शस्त्र हा हक्क नसावा, पात्रता पारखून दिलेली अनुमती असावी. मात्र शासनाने पारखून दिलेली ती अनुमती शासनानेच पुढच्या नाक्यावर नाकारावी, हे त्या विवेकात बसत नाही.

बनावट परवान्यांचा आक्षेप

क्षेत्र-मर्यादा हटविण्याला विरोध करणारे एक भारदस्त कारण पुढे करतात: काही राज्यांतून खिरापतीसारखे वाटले गेलेले परवाने. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ साली जम्मू-काश्मीरमधील परवान्यांचा घोटाळा उघडकीस आणला आणि २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात तिथून २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने अपात्रांना दिले गेले, असा सीबीआयचा आरोप आहे. अशा परवान्यांना मुंबईने मान तुकवावी काय?

आक्षेप गंभीर आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. रोग परवाना देणाऱ्या टेबलावर आहे, प्रवास करणाऱ्या माणसात नाही. क्षेत्र-मर्यादा असतानाच तो घोटाळा वर्षानुवर्षे फोफावला. तो थांबविणारे औषध वेगळे आहे आणि ते शासनाच्या हाती आहे. २०१२ साली नियमांत बदल होऊन राष्ट्रीय शस्त्र-परवाना नोंदपट सुरू झाला आणि प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक देण्याचे ठरले. तो क्रमांक नसलेला परवाना अवैध मानण्याची तरतूद आहे. दिल्लीत बसलेल्या यंत्रणेकडे आज देशभरातील परवान्यांची नोंद असेल, तर दादरच्या नाक्यावरील शिपायाला ती क्षणात दिसण्यास अडचण कोणती? आणि ती दिसत असेल, तर वेशीवरच्या भिंतीची गरज काय?

दुसरा आक्षेप राज्यांच्या स्वायत्ततेचा. स्थानिक परिस्थिती स्थानिक अधिकारीच जाणतो, हे खरे. अशांत क्षेत्रात, दंगलीच्या काळात, मतदानाच्या तोंडावर त्याला बंदीचा अधिकार हवाच. पण अधिकार म्हणजे सरसकटपणा नव्हे. निवडणुकीच्या वेळी सर्वांचीच शस्त्रे जमा करून घेण्याच्या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयाने हरकत घेतली आणि २००९ साली निवडणूक आयोगाने छाननी समित्यांद्वारे प्रत्येक प्रकरण तपासून निर्णय घेण्याची व्यवस्था सांगितली. तोच विवेक क्षेत्र-वैधतेच्या बाबतीत का चालू नये?

अमेरिकेचा धडा

पुरोगामी मंडळींना प्रत्येक गोष्टीत अमेरिकेचा दाखला लागतो. मग हाही घ्यावा. तिथे पन्नास राज्यांचे पन्नास शस्त्र कायदे आहेत. प्रवाशाची कोंडी होऊ नये म्हणून १९८६ साली संघराज्याने कायदा केला की, दोन्ही टोकांना ज्याचे शस्त्र वैध आहे, त्याने ते रिकामे करून हाताला न लागेल असे ठेवले, तर मधल्या राज्यांतून त्याला निर्वेध जाता येईल. तरीही २००५ साली युटा राज्यातील एका प्रवाशाचे न्यूअर्क विमानतळावर पुढचे विमान चुकले, सामान परत हाती आले, त्याने रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी विमानतळावर स्वतःहून शस्त्र घोषित करताच पोर्ट ऑथॉरिटीच्या पोलिसांनी त्याला अटक केली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण २०१० साली अपील न्यायालयाने त्याचा नुकसानभरपाईचा दावा फेटाळला. रात्री पेटी हाताशी होती, एवढे कारण पुरले. २०१३ साली शेजारच्या पेन्सिल्वेनियातील एका मातेवर न्यू जर्सीत असाच प्रसंग आला. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली. एडिसन आणि जर्सी सिटीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्या रस्त्यांची चांगली ओळख आहे.

अमेरिकेची अडचण समजू शकते. तिथे कायदेच निराळे आहेत. आपल्याकडे कायदा एक, नियम एक, परवान्याचा नमुनाही एक. तरीही आपण पन्नास कायद्यांच्या देशासारखी अवस्था स्वतःच्या हातांनी निर्माण केली आहे. शिवाय अमेरिकेने प्रवाशासाठी जी तोकडी का होईना सवलत केली, तेवढीही आपल्याकडे स्पष्ट शब्दांत नाही.

काय व्हावे?

मागणी साधी आहे. परवाना देताना चाळणी बारीक असावी, किंबहुना आजच्याहून अधिक बारीक. पण एकदा ओळख क्रमांकासह दिलेला परवाना वाहतुकीपुरता संपूर्ण देशात वैध मानावा: शस्त्र रिकामे, कुलूपबंद, काडतुसे वेगळी, मूळ परवाना जवळ, एवढ्या अटींवर. परराज्यात राहून शस्त्र बाळगायचे असेल, तर स्थानिक पोलिसांकडे नोंद सक्तीची असावी. ती एका खिडकीत, ठराविक दिवसांत व्हावी आणि पोचपावती मिळावी. क्षेत्रभंगाला कोणते कलम लागते, हे केंद्राने नि:संदिग्धपणे लिहावे. कलम ३७ चे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे आदेश राज्यभरासाठी एकाच ठिकाणी, मराठीत, दिनांकासह पाहता यावेत. आणि सशस्त्र रखवालदार नेमणाऱ्या संस्थेवर परवाना तपासण्याचे कायदेशीर उत्तरदायित्व टाकावे. शिपाई आत आणि मालक बाहेर, हा न्याय थांबावा.

केंद्रात आणि राज्यांत या काळात सर्व रंगांची सरकारे आली. हा दोष एका पक्षाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. ज्यांनी एक विधान, एक निशाण यांचा जयघोष केला, त्यांच्याकडून अपेक्षा अधिक आहे, एवढेच.

शासन जागे होईपर्यंत समाजाने झोपून राहण्याचे कारण नाही. पतपेढ्यांचे संचालक, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सचिव, पेढ्यांचे मालक, मंडळांचे कार्यकर्ते यांनी आपल्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराचा परवाना एकदा आदराने मागून घ्यावा आणि पाच गोष्टी पाहाव्यात: क्षेत्र-वैधता, मुदत, ओळख क्रमांक, शस्त्रावरील क्रमांकाचा मेळ आणि स्थानिक नोंद. उणीव आढळली तर त्या माणसाला कामावरून काढण्याऐवजी त्याच्याबरोबर परवाना शाखेत जावे, अर्ज लिहून द्यावा. शोभायात्रेला बाहेरगावचे पथक बोलावणाऱ्या समित्यांनी मार्गातील जिल्ह्यांच्या पोलिसांना आधी पत्र द्यावे आणि लेखी अनुमतीची प्रत पथकप्रमुखाच्या हाती ठेवावी. प्रवासाला निघणाऱ्या परवानाधारकाने बॅगेचा प्रत्येक कप्पा रिकामा करून झटकावा; एक विसरलेले काडतूस आयुष्याची घडी विस्कटू शकते.

विजयादशमीला या समाजात शस्त्रांची पूजा होते. त्या पूजेत शस्त्राबरोबर ते धारण करणाऱ्याचा संयम आणि त्याच्यावर समाजाने टाकलेला विश्वास पूजिला जातो. शासनाने ज्याला पारखून हा विश्वास दिला, त्याचा विश्वास राज्याच्या पाटीपाशी संपत असेल, तर दोष त्या माणसाचा नाही. भारत माझा देश आहे, असे आपण प्रतिज्ञेत म्हणतो. शस्त्र परवान्याच्या त्या छोट्याशा रकान्यातही ते एकदा लिहून टाकावे.